कढत पाणी

अम्मी भाताची पेज मोरीत ओतण्याआधी
बिस्मिल्ला म्हणायची
आणि पातेलं तिरकं धरून जराशी थांबायची.
नीचे उनके बच्चे रहते. जलेंगे ना.
आवाज इतका साधा,
की खालच्या मजल्यावरच्या तांबोळ्यांची पोरंच डोळ्यापुढे यायची.

अब्बा पेपरातून मान वर न काढता म्हणायचे,
खाली महापालिकेची गटारलाईन आहे.
तिच्या पुढे नागझरी.
तिथे कुणाची लेकरं राहत असतील तर
नगरसेवकाला कळवा.

शिकलगार सर. रात्रशाळेत शास्त्र शिकवायचे.
दर रविवारी गंज पेठेत, बाइंडरच्या माडीवर,
खळीच्या वासात, आठ खुर्च्या, पाच माणसं,
आणि सर वाचायचे:
जिन म्हणजे जो झाकलेला आहे तो.
भिंग सापडण्याआधी
जंतू दुसरे कोण होते?
फरिश्ते म्हणजे निसर्गाचे नियम.
कबरीतला अजाब म्हणजे उशिरा आलेली शरम.
अमक्यानं तमक्याकडून ऐकलं,
तमका तेव्हा सात वर्षांचा,
मधली दीडशे वर्षं कुणाच्या खिशात होती?
आमच्या खानदानात सुऱ्यांची धार अंगठ्यावर बघत,
ते हदीस बघायचे.

पेठेत बोललं गेलं, सर बिघडले.
मुनीर बागवाननं सहा महिने सलाम घेतला नाही.
अब्बा म्हणाले, मी अल्लाला मानतो,
ऐकीव गोष्टींना हजेरीपटावर घेत नाही.

मी रास्ता पेठेतल्या लॅबमध्ये
दिवसाला साठ काचपट्ट्या बघते.
जांभळा रंग, धुणं, गुलाबी रंग, धुणं.
एकदा जेवताना बोलून गेले,
अब्बा, हे तुमचे जिन फारच गरीब आहेत.
वचन देत नाहीत, मोडत नाहीत,
कुणाच्या आवाजावर भुलत नाहीत,
आयत ऐकून थबकत नाहीत.
नुसते दुप्पट होतात.
जे दिसत नाही त्याला तुम्ही
दिसण्याच्या रांगेत उभं केलंत.
मग ते गैब कसलं?
ते तर गायब.
आपण छत्रीला म्हणतो तसं.

अम्मी ताटात बघत राहिली.
अब्बांनी भाकरीचा तुकडा
बराच वेळ हातात धरला.
मग काय म्हणायचं?

म्हणायचं, माहीत नाही.

त्यांच्या त्या निबंधाच्या समासात
पेन्सिलीनं एक ओळ आहे,
मला नंतर सापडली:
मुलीचं म्हणणं, माहीत नाही. विचार करणे.
पुढची दोन पानं कोरी.

त्यांना मातीत ठेवलं तेव्हा मी घरी.
चुलतभाऊ सांगत होता,
मौलाना उशाशी बसून अब्बांना समजावत होते,
दोघं येतील, विचारतील,
तुझा रब कोण, उत्तर असं दे.
मला राग आला, आणि त्यातच हसू.
चाळीस वर्षं पेपर काढणाऱ्या माणसाला
कुणीतरी उत्तरं सांगतंय.
ते दोघं आले असतील तर
अब्बांनी आधी त्यांनाच विचारलं असेल,
बसा. तुम्हाला हे कुणी सांगितलं?
आणि त्यांना कुणी?

पण एक गोष्ट मी माडीवर सांगितली नाही.
आता तिथे तीनच खुर्च्या लागतात.

अम्मी गेल्यानंतर अब्बा भात स्वतः करायचे,
पेज काढायचे.
पातेलं मोरीशी आणलं की आधी
गार पाण्याचा नळ सोडायचे.
वाहू द्यायचे थोडं.
मग पेज, हळू, काठाकाठानं.
मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले,
प्लास्टिकचा पाईप कढत पाण्यानं वाकतो.

मी नंतर मोरीखाली वाकून बघितलं.
पाईप बिडाचा आहे.